शेऱ्याच्या रकान्यात माझं नाक

माझ्या नातसुनेला वाटतं मी टायपिस्ट होते. मुलगा लोकांना सांगतो, "आई पेन्शनच्या ऑफिसात होती," आणि ऐकणाऱ्याचा समज होतो की मी कोणी मोठी अधिकारी असणार. तो समज मी दूर करत नाही. खरी गोष्ट अशी की नोकरीची पहिली काही वर्षं सरकार मला पगार देत होतं तो माझ्या नाकाचा. टायपिंग मला दोन बोटांनी यायचं, इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण नाक अव्वल दर्जाचं. दिवाळी अंकात बायका चकलीच्या आणि उटण्याच्या वासावर लिहितात. मी लिहिणार आहे तो वास घरात चालत नाही. ज्यांना सोसवणार नाही त्यांनी पान उलटावं, पुढे रांगोळ्या असतीलच.

ऑफिस दुर्गला होतं, माजी सैनिकांचं. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि लाकडी खिडकी. खिडकीच्या आत मी, बाहेर फौजेतून सुटलेले लोक. शेजारीच भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. पहिली भट्टी पेटली होती, बाकीच्यांचं बांधकाम चाललं होतं, आणि लाल धुळीत सगळ्यांचे चेहरे सारखे दिसत होते. तिथे चौकीदार, ड्रायव्हर, मदतनीस खलाशी म्हणून लागलेले पुष्कळ जण आधी शिपाई होते. त्यांतले काही दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात जखमी झालेले. कोणाचा कान गेलेला, कोणाचा गुडघा, कोणाच्या मानेत अजून लोखंड. अशांना सरकार अपंगत्वाची पेन्शन देतं. मात्र एकदा देऊन गप्प बसत नाही. दर काही वर्षांनी माणसाला डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं करून पाहतं, जखम अजून आहे ना. तुटलेलं बोट मधल्या काळात परत उगवलं असेल तर सरकारचं नुकसान नको. हसू नका, बोटांसाठी असे कागद मी स्वतः पाठवले आहेत.

नियम सोपा होता. अपंगत्व लढाईमुळे असेल तर पेन्शन, स्वतःच्या चुकीमुळे असेल तर नाही. आणि दारू ही स्वतःची चूक. एखाद्याचा हात थरथर कापत असेल, तर तो बाँबगोळ्याने कापतो की बाटलीने, हे ठरवायचं होतं. डॉक्टरला हात दिसतो, बाटली दिसत नाही. म्हणून आमच्या ऑफिसने आपल्या डोक्याने फॉर्मच्या शेवटी एक रकाना वाढवला होता: शेरा. तिथे अर्जदाराच्या वागणुकीबद्दल लिहायचं, म्हणजे तो पितो की नाही एवढंच लिहायचं.

हा शेरा आधी हेडक्लार्क तिवारी बाबू लिहायचे. पण ते दिवसभर तपकीर ओढत. त्यांच्या नाकासमोर कोणी दारूचं पिंप फोडलं असतं तरी त्यांनी "आज उमस है" एवढंच म्हटलं असतं. मी लागले आणि आठवड्याभरात त्यांनी शोध लावला की पोरीचं नाक तेज आहे. शेरा माझ्याकडे आला.

आता त्या पोरीबद्दल. खळ लावलेली पांढरी साडी, करकचून घातलेला अंबाडा, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळी भिलाई हिनेच धुऊन काढायची आहे. आमच्या घरी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा झाली होती. माझे बाबा रेल्वेत गँगमन. ते रोज पंचशील म्हणायचे, आणि पाचवं शील, दारूचं, त्यांनी ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापासून एक शब्द न बोलता पाळलं. मी तर कधी प्यालेच नव्हते, त्यामुळे मला पाळायला काही शिल्लक नव्हतं. मग मी ते दुसऱ्यांकडून पाळून घ्यायचं ठरवलं. भाषाही बदलली. घरी "मले, तुले" आणि खिडकीत पुस्तकातली मराठी. मला वाटायचं, त्याने दरारा बसतो.

माझी एक पद्धत होती. हिचा मला फार अभिमान होता, आज सांगताना लाज वाटते, पण सांगते. खिडकीत आलेल्या माणसाला जिल्हा विचारायचा. "भंडारा" म्हणताना 'भ' जोरात बाहेर पडतो आणि पोटातलं सगळं घेऊन येतो. मुक्काम विचारला की "खुर्सीपार", त्यातला 'ख' उरलंसुरलं आणतो. बालाघाटवाले जरा त्रासाचे, त्यांना वडिलांचं नाव दोनदा विचारावं लागायचं.

लोकही कमी नव्हते. एक सुभेदार यायच्या आधी अख्खा कांदा खायचे, त्यांचा फॉर्म मी श्वास रोखून भरायची. एक ड्रायव्हर तोंडात पान धरून प्रत्येक प्रश्नाला मान हलवायचा, नाव विचारलं तरी मान. सापडला की मी रकान्यात लिहायची, 'स्मेल्स ऑफ लिकर'. हे तीन शब्द म्हणजे माझ्या इंग्रजीची जमीनजायदाद. खाली सही, सहीखाली रेघ.

आणि याच टेबलावर, डाव्या हाताला, दुसरा शिक्का होता. माजी सैनिकांना कॅन्टीनमधून दर महिन्याला रम मिळायची, त्याचं कार्ड आमच्याच ऑफिसातून. त्या कार्डावर शिक्का मीच मारायची. डाव्या हाताने रम द्यायची, उजव्या हाताने तिचा वास आला म्हणून लिहायचं. यात काही गमतीचं आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली. साहेबांना तर ते रिटायर होईपर्यंत कळलं नाही.

साहेब फौजेतून रिटायर झालेले कप्तान. सकाळी अकराला ते माझ्या खुर्चीमागून जायचे तेव्हा कॅन्टीनचा तोच वास माझ्या टेबलावरून जायचा. माझ्या नाकाने तो कधीच टिपला नाही. हुशार नाक, कोणाकडे वळायचं नाही ते त्याला बरोबर कळायचं.

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत लान्सनाईक तुळशीराम हटवार खिडकीत आला. पन्नाशीला टेकलेला, उंच, मान जरा डावीकडे कललेली. मानेत गोळ्याचा तुकडा होता, डॉक्टरांनी काढायचा नाही असं ठरवलेला. त्यामुळे त्याचा उजवा हात कापायचा. याच कापऱ्या हाताची त्याला पेन्शन होती आणि बोर्डाची तारीख जवळ आली होती.

"जिल्हा?" मी विचारलं.

"भंडारा, जी."

वास आला. गोडसर, आंबूस, ओळखीचा. मी सरळ झाले. "आपण मद्यप्राशन करून आला आहात."

"का करून आलो?"

"दारू पिऊन."

"नाही वो बाई. महिन्याच्या वर झाला, सोडली ना मी."

"मग हात कशाने कापतो?"

"तो तं कापतेच. त्याच्याचसाठी तं आलो."

"आणि हा वास?"

त्याने मान वाकवून आपल्याच खांद्याचा वास घेतला. "मले तं येऊनच नाही राहिला."

"पिणाऱ्याला स्वतःचा वास येत नसतो," मी म्हणाले. हे मी कुठे वाचलं होतं देव जाणे, म्हणजे आमच्या घरी देवही नव्हता. मी फॉर्म पुढे सरकवला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही केली. पेन कागदावर असं फिरलं की शाईत बुडालेला मुंगळा चालून गेल्यासारखं दिसावं. तिवारी बाबूंनी ती त्याच्या डिस्चार्ज बुकातल्या सहीशेजारी धरली. "मेल नहीं खाता," ते म्हणाले. "देखो भैया, बोर्ड के सामने भी साइन करना पड़ेगा. वहाँ ऐसा नहीं चलेगा."

मी आपले तीन शब्द लिहिले, रेघ मारली. फाइल त्याच दिवशी गेली. ऑफिसची दुसरी कोणतीही फाइल त्याच दिवशी गेल्याचं मला आठवत नाही.

आठ-दहा दिवसांनी एक बाई खिडकीत आली. बुटकी, काळीसावळी, काखेत कापडी पिशवी.

"मेश्राम बाई कोन हाय वो?"

"मी."

"मी तुळशीरामची बायको, भागाबाई." तिने पिशवीतून एक सदरा काढला आणि खिडकीतून माझ्या कागदांवर टाकला. "घे. वास घे."

मागची रांग हसली. तिवारी बाबू उठले, "ए बाई, यह क्या तमाशा है?"

"तू गप रे, तपकिरीच्या नाकाच्या! हिले घेऊ दे."

मी सदरा नाकाशी नेला. तोच वास. मला कोण आनंद झाला! "ही दारूच आहे," मी म्हणाले.

"बरं." तिने पिशवीत हात घातला आणि एक फ्रॉक काढला. फुलाफुलांचा, वीतभर. "आता हा घे."

फ्रॉकलाही तोच वास होता.

"माही पोरगी चार सालाची हाये," भागाबाई म्हणाली. "ते बी पेते का? लिव ना, तिच्याबी नावानं लिव. आन हा माहा पदर, हा बी घे. आमचं अख्खं घरच पेऊन पडलं हाये, कावून थांबली? कलम तुह्या हातात हाये."

रांगेत आता कोणी हसत नव्हतं. मी पुस्तकातली मराठी शोधत होते, ती सापडेना. शेवटी म्हणाले, "मले माफ करा वो."

"मले माफी नको. येऊन पाय."

रविवारी मी खुर्सीपारला गेले. झोपड्यांची एक ओळ होती, दोन घरांत मिळून एक पडवी. शेजारची छत्तीसगढी म्हातारी त्या पडवीत मोहफुलं वाळत घालायची, चटईभर, ढीगच्या ढीग. फुलं अर्धी वाळलेली, आंबायला लागलेली. वर बांधलेल्या दोरीवर दोन्ही घरांचे कपडे. मी दारात उभी राहिले आणि माझ्या अव्वल दर्जाच्या नाकाला चक्कर यायची बाकी राहिली. ज्या मुलखात मोह पडतो तिथे जन्मलेल्या पोरीला आंबलेलं फूल आणि त्याची दारू यांतला फरक कळला नव्हता. आईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण आई मॅट्रिक नव्हती ना!

भागाबाईने फळीवरून दोन बाटल्या खाली घेतल्या. कॅन्टीनची रम, सील तसंच. कार्डावरचा माझा शिक्का आठवून मी नजर वळवली.

"पाय. फोडली नाही. मागच्या महिन्याची, ह्या महिन्याची."

"मग घरात ठेवता कशाला?"

"त्यानंच ठेवली. म्हणते, समोर असून नाही पेली तं खरं." तिने आवाज खाली आणला. "तुले एक सांगू का बाई? पेला का त्याचा हात थांबते. नाही पेला का असा सुटते. फौजेतल्या डाक्तरनं सांगलं होतं, घोटभर घे, थांबन. तवापासून घोटभर चालूच होता, घोट तेवढा मोठा झाला. मागच्या साली साइटीवर पेऊन गेला, ठेकेदारानं काढला. आता चौकीदारी हाये, तीबी कच्ची. मी म्हनलं, बोर्डापुढं सुदा जाजो, पेऊन नको. हात कापते तं कापू दे. पेन्शन गेली तं आमाले गाव. दिराच्या दारात उभं राहा लागन, वाढन ते खा लागन."

तुळशीराम बाजेवर बसून ऐकत होता. मला म्हणाला, "पयला घोट मले सरकारनंच पाजला, बाई. लाइनीत उभा करून, मगात मोजून. तवा कोनी शेरा नाही लिवला."

मी चहा न घेता उठले.

सोमवारी तिवारी बाबूंना म्हटलं, शेरा मागे घ्यायचा आहे. त्यांनी चष्मा काढला. "मैडम, सरकार में नाक एक बार लग गई सो लग गई. उसका खंडन नहीं होता." मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, एक शेरा चुकला असं कळवलं तर बाकीचे सगळे उघडे पडतील. ऑफिसच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.

अकरा वाजून गेले होते. मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते आणि वास माझ्यापर्यंत पोचत होता.

"बरोबर आहे सर," मी म्हणाले. "माझं नाक चुकत नसेल तर ते सगळ्यांना सारखं लागू करायला हवं. उद्यापासून हजेरीपटावरही शेऱ्याचा रकाना आखते. रोज अकराला भरत जाईन."

साहेबांनी खुर्ची माझ्यापासून मागे सरकवली. मग म्हणाले, "लेटर टाइप करा."

ही माझी आयुष्यातली पहिली लबाडी, आणि ती इतकी छान वठली की मी हवेत गेले. पत्रात नुसतं 'शेरा चुकीने लिहिला गेला' एवढं लिहायचं होतं. पण एका टोकाला चुकलेली मुलगी थेट दुसऱ्या टोकाला गेली. मी टाइप केलं, दोन बोटांनी: अर्जदार दारूला स्पर्शही करत नाही, हे मी स्वतः त्याच्या घरी जाऊन पाहिलं आहे. माझी सही, तिच्याखाली साहेबांची, गोल शिक्का, रजिस्टर पोस्ट. तिवारी बाबूंना सांगितलं, बाबांना सांगितलं, सुपेल्याच्या बाजारात भेटलेल्या मैत्रिणीला रस्त्यात उभं करून सांगितलं. फक्त खुर्सीपारला सांगायला गेले नाही. म्हटलं, निकालच येईल, तोच सांगेल.

बोर्ड दूरच्या एका छावणीच्या दवाखान्यात होता. तिथे काय झालं ते मला नंतर भागाबाईकडून कळलं. तुळशीरामच्या लेखी माझा शेरा तसाच होता. आपण पितो असं कागदावर लागलेलंच आहे, हे त्याने धरून चाललं होतं. वर तिवारी बाबूंचं वाक्य त्याच्या डोक्यात बसलेलं: बोर्डासमोर सही करावी लागेल, तिथे असली चालणार नाही. तेव्हा निघायच्या सकाळी त्याने एक बाटली फोडली. सहीसाठी.

बोर्डापुढे त्याचा हात लोखंडासारखा स्थिर होता. डॉक्टरांनी काठोकाठ भरलेला पेला धरायला दिला, थेंब सांडला नाही. सही डिस्चार्ज बुकातल्यासारखी आली, छापल्यासारखी. डॉक्टरांना वास आला नसेल का? आला असेल. पण समोर फाइल होती, फाइलीत माझं पत्र होतं, गोल शिक्क्यासकट. जो माणूस दारूला शिवत नाही आणि ज्याचा हात कापत नाही, त्याला अपंगत्व कुठलं? पेन्शन बंद.

मी पहिला शेरा लिहिला तेव्हा तुळशीराम प्यालेला नव्हता. पत्र खरं म्हणून पाठवलं, ते बोर्डापुढे उघडलं तेव्हा तो प्यालेला होता. दोन्ही वेळा सही माझी, सहीखाली रेघ.

भागाबाई निकालाचा कागद घेऊन आली तेव्हा ओरडली नाही. ती ओरडेल अशा तयारीने मी बसले होते.

"आदी नाकानं मारलं," ती म्हणाली, "आता चांगुलपनानं."

मी म्हटलं, अपील करता येतं. मी लिहिते.

ते मी तीन दिवस लिहिलं. मोह, फ्रॉक, बाटल्या, सही, सगळं. त्यात एक वाक्य होतं, ते तिवारी बाबूंनी दोनदा खोडायला सांगितलं आणि मी दोनदा परत लिहिलं: या माणसाचा हात दारूने कापत नाही, दारूने थांबतो. आमच्या ऑफिसातून गेलेल्या कागदांत लढाईतल्या जखमेबद्दलचं सरळ वाक्य मी तेवढं एकच पाहिलं.

अपिलावर सही करायला तुळशीराम आला. गावी जायचं ठरलं होतं, घरातली भांडी पोत्यात बांधून झाली होती. त्याने पेन घेतलं, हात सुटला, पेन खाली ठेवलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "पेऊन येऊ का? सही चांगली होईन."

मी इतकी वर्षं त्या खिडकीत काय काय ऐकलं, पण हे वाक्य अजून कानात आहे. इतक्या आज्ञाधारकपणे विचारत होता तो. सरकारला जे हवं ते द्यायला तयार: हात कापरा हवा तर कापरा, सरळ हवा तर सरळ.

"नका जाऊ," मी म्हटलं. "येईल तशी करा."

त्याने केली. मुंगळा परत चालून गेला, या वेळी तर रकान्याच्या बाहेर. तिवारी बाबूंनी डिस्चार्ज बुक शेजारी धरलं. "मेल नहीं खाता, मैडम."

मी पेन उचललं आणि खाली लिहिलं: सही माझ्यासमक्ष केली. जुळते.

तिवारी बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, चिमूटभर तपकीर ओढली आणि फाइल बांधली. बाबूंच्या त्या चिमटीसाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलं.

हटवार मंडळी गावी गेली. अपिलाचं उत्तर यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझं लग्न झालं, मोठा मुलगा झाला, साहेब बदलले आणि शेऱ्याचा रकानाच फॉर्मातून काढून टाकला गेला. मी नव्या साहेबांच्या मागे लागून काढवला. पण त्याआधी मी ज्यांच्यावर तीन शब्द लिहिले होते त्यांचं काय? कांदा खाणारे सुभेदार, पानवाला ड्रायव्हर आणि आणखी किती तरी. त्यांच्यातल्या कोणाचा हात, कोणाचा कान खरंच लढाईत गेला होता, मी विचारलं नव्हतं. त्यांच्यापैकी कोणाची बायको फ्रॉक घेऊन आली नाही, म्हणून मी बरोबर ठरले.

उत्तर आलं ते मंजुरीचं. पेन्शन बंद केली तेव्हापासून परत चालू. मी ते गावच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि रोज टपालाची वाट पाहत बसले. भागाबाई जिवंत असेल का, तुळशीराम असेल का, दिराच्या दारात असतील की कुठे, काही माहीत नव्हतं.

पोचपावती आली. पाठीमागे सही होती: लान्सनाईक तु., आणि पुढे मुंगळा. अशी थरथरत, वाकडीतिकडी गेलेली की पोस्टमनने खाली स्वतः नाव लिहिलं होतं. मी ती पावती खिडकीच्या उजेडात धरून कितीदा पाहिली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून सवयीने नाकाशी नेली. शाई आणि डिंक, दुसरा कसलाही वास नव्हता.

मग फाइल उघडली. जुना फॉर्म वर होता, त्यातला रकाना अजून तिथेच, माझ्या तीन शब्दांसकट. ते खोडायचा मला अधिकार नव्हता. मी पावती त्यांच्यावर डकवली.